पोट्टी एकटीच बडबडते!

"सर, नात एकटीच बडबडत राह्यते दिवसभर. बाहेरचं तं काही नसंन ना?"

दर्यापूर तालुक्यातल्या एका आजीनं मला हे विचारलं तोवर मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या होत्या आणि नातीच्या गळ्यात काळा दोराही आला होता. नात चार वर्षांची. मुलगा आणि सून दोघंही पुण्यातल्या कंपनीचं काम गावातल्या घरूनच करतात. अंगणवाडी सुटली की संध्याकाळपर्यंत पोरगी घरात आणि नेमके तेव्हाच यांचे कॉल. सुनेचा प्रश्न वेगळा होता. मोबाइल न देता हिला तास-दीड तास गुंतवून कसं ठेवायचं? मला दोघींचे प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात असं वाटलं. आजीला जी बाधा वाटते, तीच सुनेला हवी असलेली गोष्ट आहे.

ती बडबड कसली, ते आधी ऐका. पोरगी डब्यांशी खेळते आहे. "हे इथं… नाही बसत. मोठा, मोठा कुठं गेला? हां. आता झाकण. नाही लागून राह्यलं. उलटं… उलटं कर." तिला कुणी काही विचारलेलं नाही आणि तिला कुणाकडून उत्तरही नको आहे. तीन ते सहा-सात या वयातली जवळजवळ सगळी मुलं असं बोलतात. चार-पाचव्या वर्षी त्याला ऐन भर असतो. मानसशास्त्रात याला खासगी बोलणं म्हणतात. मी स्वगत म्हणेन.

या स्वगताचा पहिला नीट अभ्यास केला झां पियाजे या स्विस शास्त्रज्ञानं. जिनिव्हातल्या एका बालशाळेत मुलांचं बोलणं त्यानं शब्दन्‌शब्द टिपून घेतलं आणि १९२३ साली त्यावर पुस्तक काढलं. मुलांच्या बोलण्याचा मोठा वाटा समोरच्यासाठी नसतोच, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं याला आत्मकेंद्री बोलणं म्हटलं. मूल अजून दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करू शकत नाही म्हणून असं बोलतं, शहाणं झालं की हे आपोआप विरून जातं, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, बिनकामाची बडबड.

हे रशियातल्या लेव्ह वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाला पटलं नाही. हा माणूस माझा फार आवडता. १८९६चा जन्म, आधी शाळामास्तर, क्षयानं १९३४ साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेला. त्याच वर्षी त्याचं विचार आणि भाषा यांवरचं पुस्तक छापून आलं आणि दोनच वर्षांत सोव्हिएत सरकारनं त्याचं लिखाण दडपलं. त्याचा प्रश्न साधा होता. बडबड बिनकामाची असेल तर काम अडल्यावर ती बदलायचं कारण नाही. म्हणून त्यानं मुद्दाम कामं अडवली. मूल चित्र काढायला बसलं की हवा तो रंगीत खडू गायब, कधी कागदच नाही. अशा वेळी स्वगताचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं.

त्याची एक नोंद मला विसरता येत नाही. साडेपाच वर्षांचा मुलगा ट्रामचं चित्र काढत होता. चाक काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यानं दाब देऊन गोल पुरा करायचा प्रयत्न केला, पण कागदावर नुसता खोल वळ उठला. "मोडलं," असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग पेन्सिल ठेवली, रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढायला लागला. टोक मोडलं होतं पेन्सिलीचं, पण तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि चित्राचा बेतच बदलून गेला.

वायगॉट्स्कीचं म्हणणं असं की सूचना आधी बाहेरून येते. आई म्हणते, "थांब, आधी झाकण उघड." मग मूल तेच स्वतःला मोठ्यानं सांगायला लागतं. वखर चालवणारा माणूस बैलांशी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत जातो, तसंच हे. फक्त इथं बैलही तीच आणि हाकणाराही तीच. पुढे हा आवाज बारीक होतो, कुजबुज होते, नुसते ओठ हलतात आणि सात-आठ वर्षांच्या आसपास तो बराचसा आत जातो. मग आपण त्याला 'मनात विचार करणं' म्हणतो. म्हणजे बडबड विरत नाही, ती आत मुरते.

मुरता मुरता तिचं रूप दोन तऱ्हांनी बदलतं. एक, ती तुटक होत जाते. कर्ता गळतो, कर्म गळतं, शेवटी क्रियापद तेवढं उरतं. "मी हा डबा इथं ठेवते" याचं "ठेवते… इथं" होतं आणि मग नुसतं "हां". कशाबद्दल बोलणं चाललंय हे बोलणारीला माहीतच असतं. दुसरा बदल तुम्हाला घरी ताडून पाहता येईल. अगदी लहान मूल आधी रेघोट्या मारतं आणि मग सांगतं, "ही गाय." थोडं मोठं झालं की अर्ध्या चित्रात म्हणतं, "ही गाय होऊन राह्यली." आणखी मोठं झालं की कागद घेतानाच म्हणतं, "मी गाय काढतो." शब्द कृतीच्या मागून निघून पुढे सरकतो. बेत आखणं म्हणजे दुसरं काय असतं?

आता थोडं खोलात जातो. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदातला प्रयोग तेवढा करा आणि बाकीचं सोडा.

कागदावर दोन आकडी संख्यांची एक लांब ओळ लिहा. पहिल्या संख्येत एक मिळवा, दुसरीतून एक वजा करा, तिसरीत मिळवा, असं आळीपाळीनं करत जा. अधिक-उण्याची चिन्हं लिहायची नाहीत. वेळ मोजा. मग तेच पुन्हा करा, पण तोंडानं सतत "संत्रं, संत्रं, संत्रं" म्हणत राहा. मिळवायचं होतं की वजा, तेच हुकायला लागेल. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याच धर्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या चालू स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीत, आवाजाचं एक वेटोळं असतं, असं बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४पासून मांडलं आहे. त्यात ऐकलेले किंवा मनात उच्चारलेले शब्द साधारण दोन सेकंद टिकतात, पुन्हा पुन्हा उच्चारले तरच ताजे राहतात. "आता वजा" ही सूचना तिथं फिरत असते. तोंड संत्र्यात गुंतलं की वेटोळं भरून जातं आणि सूचना पडून जाते. मनात बोलताना ओठ-जिभेच्या स्नायूंत अगदी क्षीण विद्युत हालचाल यंत्रावर दिसू शकते आणि मेंदूतलं बोलणं घडवणारं ब्रोकाचं क्षेत्रही कामाला लागतं. म्हणजे मनातलं बोलणंसुद्धा बऱ्याच अंशी बोलणंच. आता चार-पाच वर्षांच्या मुलाकडे पाहा. मनातल्या मनात घोकण्याची सवय या वयात क्वचितच असते, ती सातव्या वर्षाच्या आसपास दिसू लागते. तोवर सूचना जिवंत ठेवायची तर ती तोंडानंच म्हणावी लागणार. हा दुवा माझ्या मनाला पूर्ण पटतो.

म्हणून कॉल चालू असताना "चूप बस" म्हणालात की तुम्ही तिचं काम काढून घेता. दोन मिनिटांत ती तुमच्या मांडीवर येणार हे नक्की.

तिला काय द्यायचं, ते यावरूनच ठरतं. अगदी सोप्या कामात मूल गप्प असतं आणि लवकर कंटाळतं. फार अवघड झालं की फेकून देतं. पुटपुटणं येतं ते मधल्या पायरीवर. तुरी आणि सोयाबीन वेगळे करायला दिलेत तर पहिल्या दिवशी बडबड ऐकू येईल, आठवड्यानं येणार नाही. मग काम बदला. आधी रंगानं वेगळं करायला सांगा, मध्येच म्हणा, "आता लहान-मोठं." ही गंमत वाटते तितकी सोपी नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांच्या प्रसिद्ध चाचणीत मुलं चित्रांचे पत्ते आधी रंगानं लावतात, मग आकारानं लावायचे असतात. तीन वर्षांच्या मुलाला नवा नियम विचारा, तो बरोबर सांगतो, पण हात मात्र जुन्याच नियमानं चालतो. पाच वर्षांचं मूल बहुधा सहज बदल करतं. तेव्हा तीन वर्षांचं पोर चुकलं तर त्याला हट्टी म्हणू नका.

माझी स्वतःची आवड वेगळी आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी एक दिवस मिरवतो आणि वर्षभर फळीवर बसतो. तो खाली काढा, रिकामे खोके द्या आणि नंदीला गोठा बांधायला सांगा. शिंगं दारात अडकतात, छप्पर घसरतं, नंदी आत मावत नाही. प्रत्येक अडचणीला एक स्वगत. बाजारातल्या 'शैक्षणिक' खेळण्यांत बहुतेक वेळा एकच बरोबर उत्तर असतं. ते सापडलं की खेळ संपला. लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी-कोसबाडला माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, खडे वापरले. आपल्या घरांत तर त्यांची कमीच नाही.

बियांबद्दल एक मात्र सांगायलाच हवं. लाल-काळी गुंज आणि एरंडीच्या बिया विषारी असतात, त्या खेळात नकोत. हरभरा-तूर नाकात गेली की ओलाव्यानं फुगते, त्यामुळे तीनच्या आतल्या मुलाला दाणे देऊ नका. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि त्यांची बुचं कितीही धुतली तरी खेळणी होत नाहीत.

वायगॉट्स्कीचा आणखी एक प्रयोग घरून काम करणाऱ्यांच्या विशेष उपयोगाचा आहे. त्यानं मुलांना ऐकू न येणाऱ्या किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांत बसवलं. स्वगत एकदम घसरलं. प्रयोगशाळेबाहेर मोठ्यानं वाद्यवृंद वाजवला, तेव्हाही घसरलं. उत्तर नको असलं तरी आपलं बोलणं कुणाच्या तरी कानावर पडतंय, एवढा भरवसा मुलाला हवा असतो. म्हणून बंद खोलीत एकटं बसवण्यापेक्षा ओसरीवर शेंगा सोलत बसलेल्या आजीजवळ बसवा. आजीनं मधे बोलायची गरज नाही. आणि टीव्ही बंद. एप्रिल-मे महिन्यांत कूलर बंद करा म्हणण्याची हिंमत मी विदर्भात करणार नाही, पण खेळाची जागा त्याच्या तोंडापासून दूर नेता येते.

मोबाइलबद्दल माझं मत एवढंच की तो मुलाच्या वाट्याचं बोलणंही स्वतःच बोलून टाकतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पाहण्याचा पडदा दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढा बरा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं आहे. एखाद्या दिवशी साहेबांचा कॉल लांबला आणि कार्टून लावलं, तर अपराधी वाटून घेऊ नका. त्याहून मला राग येतो तो 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मुलांचा मध्यमेंदू चालू करून देतो म्हणणाऱ्या शिबिरांचा. तालुक्याच्या गावीही मंगल कार्यालय घेऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. पट्टीच्या खालून, नाकाशेजारच्या फटीतून वाचतात. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा भाग, डोळ्यांची हालचाल आणि जागेपण सांभाळणारा. तो चालू नसता तर मूल शिबिरात शुद्धीवर बसलंच नसतं. त्याचे हजारो रुपये कशाला मोजायचे?

घरात मुळात बोलणंच कमी असेल तर? अमेरिकेतल्या अपालाचिया या डोंगराळ भागातल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास लॉरा बर्क आणि रूथ गार्विन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. त्या मुलांचं स्वगत शहरी मध्यमवर्गीय मुलांपेक्षा सावकाश आत मुरत होतं. त्या भागातली माणसं मितभाषी, हे एक कारण त्यांनी सुचवलं. आपल्याकडेही बाप शेतातून थकून येतो किंवा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतो आणि पोराशी हूं-हां पलीकडे बोलत नाही. बोला, आणि वऱ्हाडीतच बोला. इंग्रजी कविता पाठ करून घेतल्यानं डब्याचं झाकण लागत नाही.

काळजी कधी करायची? मूल स्वतःशी बोलतं आणि तुमच्याशीही बोलतं, हाक मारली तर वळतं, बोट दाखवून वस्तू दाखवतं, तर काहीही बिघडलेलं नाही. पण ते कुणाशीच बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, टीव्हीतली वाक्यंच तीच ती म्हणत असेल, तर आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा दाखवा, जिल्हा रुग्णालयातही तपासणी होते. दोरा-गंड्यात यातले महिने घालवू नका.

एरवी कॉलच्या आधी दोन मिनिटं द्या. गोठा कसा बांधणार, आधी काय करणार, खोका पुरला नाही तर काय, हे तिच्याच तोंडून वदवून घ्या. सूचना तुमच्या असल्या की त्या तुमच्याबरोबर खोलीत निघून जातात, तिच्या तोंडून आल्या तर तिच्याजवळ राहतात. मधेच अडून हाक मारलीच तर उत्तर सांगून मोकळं होण्याऐवजी "मग आता?" एवढंच विचारा. कॉल संपला की काय झालं ते बघायला जा आणि गोठ्याचा एसटी स्टँड झाला असेल तर तिथून अकोल्याची गाडी किती वाजता सुटते तेही विचारा.