‘द कोकोनट्स’ : दिवसा शूटिंग, रात्री प्रयोग

१९२५ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता. राज्याने आदल्याच वर्षी घटनादुरुस्ती करून आयकर आणि वारसा कर दोन्हींवर बंदी घातली होती. मोटारगाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या होत्या आणि उत्तरेतल्या थंडीला कंटाळलेली माणसं समुद्राकाठचा प्लॉट न बघताच इसार देऊन मोकळी होत होती. मग ती इसारपावतीच चढ्या भावाने दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. प्लॉट पाण्याखाली आहे की दलदलीत, हे बघायचं शेवटच्या गिऱ्हाइकाने. मायामीजवळच्या कोरल गेबल्स या नव्या वसाहतीचे प्लॉट खपवायला जॉर्ज मेरिक या बिल्डरने विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना भाषणं द्यायला पगारी ठेवलं होतं. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला हा फर्डा वक्ता फ्लोरिडाच्या हवापाण्याचे गोडवे गायचा.

हा सगळा तमाशा चालू असतानाच, ८ डिसेंबर १९२५ रोजी ब्रॉडवेच्या लिरिक थिएटरमध्ये ‘द कोकोनट्स’ हे संगीत विनोदी नाटक आलं. संहिता जॉर्ज एस. कॉफमनची, गाणी अर्व्हिंग बर्लिनची आणि रंगमंचावर ग्राउचो, चिको, हार्पो आणि झेपो हे चार विनोदवीर मार्क्स बंधू. गावोगावच्या व्हॉडव्हिल (गाणी, नाच आणि नकलांचे मिश्र खेळ) थिएटरांत या भावांनी बरीच वर्षं काढली होती. आई मिनी हीच त्यांची मॅनेजर आणि मामा अल शीन हा त्या धंद्यातला नावाजलेला नट. १९२४ मध्ये ब्रॉडवेवर त्यांचं पहिलं नाटक चाललं, पण ते जुन्या नकलांचीच गोळाबेरीज होतं. खास त्यांच्यासाठी बेतलेलं, घडीव संहितेचं नाटक त्यांना मिळालं ते हेच.

अर्थात घडीव संहिता आणि मार्क्स बंधू हा संसार फार काळ टिकणारा नव्हता. दर प्रयोगाला पदरची वाक्यं वाढत गेली. विंगेत उभा असलेला कॉफमन एकदा म्हणाला म्हणे, की थांबा, मला वाटतं मी लिहिलेलं एक वाक्य आत्ता ऐकू आलं.

ग्राउचो यात फ्लोरिडातला हॉटेलवाला आहे. हॉटेलात गिऱ्हाईक नाही आणि नोकरांचे पगार थकलेले. पोरं पगार मागायला येतात, तर हा त्यांनाच विचारतो, तुम्हाला पगाराचे गुलाम व्हायचंय का? नाही ना? मग माणसाला पगाराचा गुलाम करतं कोण? पगारच! पुढे जमिनीच्या लिलावात भाव चढवायला तो चिकोला गर्दीत उभा करतो. चिकोला बोली लावायची एवढंच कळलेलं असतं, थांबायचं कधी ते नाही. समोर कोणी उरलं नाही तरी तो स्वतःवरच बोली चढवत राहतो. १९२५ च्या प्रेक्षकाला हे नुसतं हास्यास्पद वाटलं नसणार. त्यातल्या कितीकांच्या खिशात तशीच एखादी पावती असेल.

सप्टेंबर १९२६ मध्ये मायामीला चक्रीवादळाने झोडपलं. बाजाराची घसरण आधीच सुरू झाली होती, वादळाने त्याला झोपवलंच. ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलणारा-गाणारा सिनेमा आला आणि प्रत्येक स्टुडिओला एकाएकी बोलणारी, गाणारी माणसं हवी झाली. अशी माणसं ब्रॉडवेवर तयार होती. पॅरामाउंट या सिनेमा कंपनीचा एक स्टुडिओ न्यूयॉर्कमध्येच, क्वीन्समधल्या अस्टोरियाला होता. म्हणून ज्याला आपण सर्रास हॉलिवूडचा सिनेमा म्हणतो, तो या नाटकावरचा ‘द कोकोनट्स’ हॉलिवूडपासून हजारो मैलांवर तयार झाला. १९२९ च्या सुरुवातीला चौघे भाऊ दिवसा अस्टोरियात शूटिंग करत आणि रात्री ब्रॉडवेवर आपल्या पुढच्या नाटकाचा, ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’चा, प्रयोग करत.

दिग्दर्शक दोन, फ्रान्सहून आलेला रॉबर्ट फ्लोरे आणि जोसेफ सँटली. एकाला इंग्रजी कळत नव्हतं आणि दुसऱ्याला हार्पो, असं ग्राउचो पुढे म्हणायचा. यात ग्राउचोचं मीठमसाला किती, ते सोडा. खरी अडचण यंत्रांची होती. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात कोंडलेला, त्यामुळे जागचा हलत नाही. मार्क्स बंधू मात्र एका जागी उभे राहतील तर शपथ. त्या वेळचे मायक्रोफोन कागदाची साधी चुरचुरही कडकडाटासारखी पकडत. ग्राउचो-चिकोच्या नकाशाच्या प्रसंगात तो कागद नीट बघा, लोंबतोय. आवाज होऊ नये म्हणून कागद चक्क पाण्यात भिजवून घेतले होते.

गाण्यांत मात्र हा सिनेमा उगीच बदनाम झाला, असं मला वाटतं. बर्लिनची बरीचशी नाटकातली गाणी गळली आणि सिनेमासाठी लिहिलेलं नवं प्रेमगीत इतक्यांदा येतं की कंटाळा यावा. पण नाचणाऱ्या मुलींची नक्षी थेट वरून टिपलेला शॉट त्यात आहे. नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीच्या नावावर जमा असलेली ही करामत त्याने सिनेमात पाऊल टाकण्याआधीची आहे. ‘कार्मेन’ या ऑपेराच्या चालीवर हरवलेल्या शर्टाचं गाऱ्हाणं गाणारा पोलीसही बघण्यासारखा.

मे १९२९ मध्ये सिनेमा न्यूयॉर्कला लागला, तोवर फ्लोरिडाचा बाजार बसून अडीच वर्षं उलटली होती. लिलावाचा प्रसंग शिळा ठरायला हवा होता, पण देश तेव्हा शेअरच्या नादी लागला होता, ग्राउचोसुद्धा. ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला आणि त्याची जन्माची शिल्लक गेली. त्याआधी सप्टेंबरमध्ये मिनी वारली होती.

सिनेमा पाहून भावांना स्वतःचीच लाज वाटली आणि निगेटिव्ह विकत घेऊन नष्ट करायची त्यांची तयारी होती, असं सांगतात. पॅरामाउंटने दाद दिली नाही. सिनेमा चालला होता, आणि चालत्या मालाची होळी कोण करणार? १९३० मध्ये ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’ही अस्टोरियातच झाला. हॉलिवूडला जाऊन थेट पडद्यासाठी लिहिलेला त्यांचा पहिला सिनेमा म्हणजे १९३१ चा ‘मंकी बिझनेस’. त्याची गती कितीतरी चांगली आहे. पण ‘कोकोनट्स’मध्ये ग्राउचोचे सगळे टोमणे चेहऱ्यावरची रेघ न हलवता झेलणारी मार्गरेट ड्युमाँट त्यात नाही, आणि ती उणीव मला तरी दर खेपेला जाणवते.