अंडं हलकं व्हायलाच हवं

इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचं यंत्र, घरी आणला की माणसाची नजर तापमानाच्या आकड्यावरच खिळते. मी मात्र सांगेन, शेजारी ग्रॅम दाखवणारा वजनकाटाही ठेवा. ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी साडेत्रेचाळीस-चव्वेचाळीस ग्रॅमवर आलं, तर आत सगळं सुरळीत चाललंय. ते ४७ ग्रॅमवरच अडलं असेल, तर काळजीचं कारण आहे.

हे मी चुकूनच शिकलो. पहिल्या खेपेला आषाढात गावठी कोंबडीची बारा अंडी ठेवली. ओलावा कमी पडू नये म्हणून आतली पाण्याची वाटी रोज काठोकाठ भरली. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहिलं, तर नऊ अंड्यांत रक्तवाहिन्यांचं लालसर जाळं दिसलं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली तीन. उरलेली सहा अंडी मी फोडून पाहिली. आत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं होती, पण चिंब ओली आणि सुजलेली.

अंड्याचं कवच घट्ट दिसतं, पण त्याला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. आतल्या जिवाचं श्वसन त्यांतूनच होतं. कवचाच्या आतल्या बाजूने रक्तवाहिन्यांनी भरलेलं एक पातळ आवरण पसरतं आणि पिल्लाची फुप्फुसं कामाला लागेपर्यंत तेच फुप्फुसाचं काम करतं. २१ दिवसांत ६० ग्रॅमचं अंडं सुमारे सहा लिटर ऑक्सिजन आत घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं आणि सोबत ११ लिटर पाण्याची वाफही. ही वाफ जाणं गरजेचं असतं. पिल्लू बलकातली चरबी जाळून वाढतं आणि चरबी जळताना नवीन पाणी तयार होतं. ते बाहेर गेलं नाही, तर पिल्लाच्या अंगात साठतं. शिवाय जितकं पाणी जातं, तितकी रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं. माझ्या त्या सहा अंड्यांत ही पोकळी अगदीच लहान राहिली होती.

पहिल्या अठरा दिवसांत साधारण ५० ते ५५ टक्के आर्द्रता लागते. आता पावसाळ्याचा हिशेब बघा. खोलीत २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे. हीच हवा इन्क्युबेटरमध्ये साडेसदतीस अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांवर येते. वाटीत थेंबभर पाणी नसतानाही! उलट, सोलापूरकडे हिवाळ्यात खोली २० अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर आत जेमतेम १५ टक्के उरते. तिथे पाणी ठेवावंच लागेल, नाहीतर अंडं फार सुकून आतलं आवरण पिल्लाला चिकटतं. म्हणून 'वाटी भरून ठेवा' ही सूचना सगळीकडे चालत नाही. वजनकाटा मात्र रत्नागिरीतही खरं सांगतो आणि सोलापुरातही.

तापमानाचं थोडक्यात. पंखा असलेल्या यंत्रात साडेसदतीस अंश ठेवावं. थोडा वेळ गारठा अंडं सोसतं, खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी उठतेच. तासाभराची वीज गेली तर झाकण न उघडता वरून गोधडी टाकावी. जास्तीची उष्णता मात्र जीव घेते. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवावीत, कारण एकाच कुशीवर राहिलेला गर्भ आतल्या आवरणाला चिकटतो. कोंबडी हे काम चोचीने करते. आणि दुकानातली अंडी ठेवू नयेत, ती बहुधा कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची असतात.

बॅटरीच्या उजेडात ते जाळं पाहणं मला अजूनही थरारून सोडतं. हृदय दुसऱ्याच दिवशी धडधडायला लागतं. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने अंडी फोडून आतली वाढ टप्प्याटप्प्याने पाहिली आणि रक्ताचा तो उसळता ठिपका नोंदवून ठेवला.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची. आधी पाणी घालवायचं होतं, आता आवरण सुकू द्यायचं नाही. छिद्रांतून येणारी हवा पिल्लाला पुरेनाशी होते, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मानेचा खास स्नायू झटके देऊ लागतो. चोचीवरच्या टणक टोकाने पिल्लू आधी पोकळीचा पडदा फोडतं आणि श्वास घेतं. कवचातून चिवचिव ऐकू येते ती त्यानंतर.

मग कवचाला पहिली भेग पडते आणि पुढे कित्येक तास काहीच घडत नाही. इथे हात शिवशिवतात. पण हात लावू नका. या काळात आवरणातलं रक्त पिल्लाच्या अंगात परतत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने कवच सोललं, तर रक्तस्राव होतो. भेगेपासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास जाऊ शकतात.

बाहेर आल्यावरही झाकण लगेच उघडू नका. आत अजून भेगा पडलेली अंडी असतात, त्यांचं आवरण कोरड्या हवेने आवळेल. पहिलं पिल्लू उपाशी नाही. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. तोवर त्याची पिसं वाळून फुलू द्या.