बाई असल्याचा पुरावा : महिला खेळाडूंच्या लिंगचाचणीची पार्श्वभूमी

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा एक नियम लागू झाला. जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धेत महिला गटातून उतरायचं असेल, तर आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी द्यायची. गालाच्या आतून काडी फिरवायची किंवा थोडं रक्त काढायचं. त्या नमुन्यात ‘एसआरवाय’ हे जनुक सापडलं नाही की वाट मोकळी. सापडलं तर पुढची वैद्यकीय छाननी आणि बहुतेक वेळा महिला गटाचं दार बंद. हे जनुक एरवी वाय गुणसूत्रावर असतं. त्याच महिन्यात टोकियोला झालेल्या जागतिक स्पर्धेत हा नियम पहिल्यांदा अमलात आला.

आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही, आणि झाली तीही एखादं नवं तंत्र आल्यासारखी. प्रत्यक्षात गालातून नमुना घ्यायची पद्धत ऑलिंपिकमध्ये १९६८पासूनची आहे. ‘एसआरवाय’ची चाचणीसुद्धा १९९०च्या दशकात ऑलिंपिकमध्ये वापरून झाली होती आणि शतक संपता संपता सोडूनही दिली होती. सोडावी लागली ती काही खेळाडूंनी स्वतःच्या शरीराची जाहीर चिरफाड सोसून दिलेल्या लढ्यामुळे. पुढच्या काळात अशीच किंमत मोजणाऱ्यांत दोघी भारतीय आहेत. एकीचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं, दुसरीचं फार थोड्यांना.

संशयाची सुरुवात मात्र कुठल्याही चाचणीच्या आधीची आहे. ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत बायका पहिल्यांदा धावल्या त्या १९२८ साली, अ‍ॅमस्टरडॅमला. आठशे मीटरच्या शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या. वर्तमानपत्रांनी ते इतकं रंगवलं, की ही शर्यतच ऑलिंपिकमधून गेली आणि १९६०पर्यंत परत आली नाही. दमणारी बाई खेळायला नालायक ठरली. न दमणारीची वेळ आठ वर्षांनी आली. १९३६ला बर्लिनमध्ये अमेरिकेच्या हेलन स्टीफन्सने शंभर मीटरमध्ये पोलंडच्या स्टेला वॉल्शला हरवलं आणि ही बाई नसावी अशी कुजबुज सुरू झाली. तिची तपासणी झाली आहे, ती स्त्रीच आहे, असं जाहीर करावं लागलं. पुढचा योगायोग क्रूर आहे. १९८० साली क्लीव्हलँडमध्ये लुटालुटीच्या प्रकारात वॉल्शचा खून झाला. शवविच्छेदनात तिच्याच शरीरात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही खुणा आढळल्या आणि तो अहवाल वर्तमानपत्रांतून छापून आला. जिवंतपणी बाई म्हणून जगलेल्या, ऑलिंपिकचं सुवर्ण आणि रौप्य मिळवलेल्या या धावपटूची ओळख मेल्यानंतर चव्हाट्यावर मांडली गेली.

शीतयुद्धात या संशयाला राजकारणाची धार आली. पूर्व युरोपातल्या धिप्पाड खेळाडू बायका नव्हेतच, असं पश्चिमेत उघड बोललं जाई. १९६६मध्ये बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत खेळाडूंना डॉक्टर स्त्रियांच्या समितीपुढे विवस्त्र उभं राहावं लागलं. त्याच वर्षी किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर हात लावून अंतर्गत तपासणी झाली. उत्तर आयर्लंडची मेरी पीटर्स त्या रांगेत होती. पुढे १९७२ला म्युनिकमध्ये तिने पेंटॅथलॉनचं सुवर्ण जिंकलं, पण किंग्स्टनची ती तपासणी आपल्या आयुष्यातला सगळ्यात हीन अनुभव होता असं तिने लिहून ठेवलं आहे.

यावर बोंब झाली तेव्हा ‘सभ्य’ उपाय म्हणून गालातली काडी आली. पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली एक ठिपका दिसतो. ठिपका दिसला की बाई. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून हे सुरू झालं आणि उत्तीर्ण होणारीला प्रमाणपत्र मिळू लागलं. पोलंडची एव्हा क्लोबुकोव्स्का १९६६ला बुडापेस्टमध्ये डोळ्यांनी केलेल्या तपासणीत बाई ठरली होती. १९६७ला गुणसूत्रांच्या चाचणीत ती नापास झाली आणि तिचे विश्वविक्रम पुसले गेले. एका वर्षात शरीर बदललेलं नव्हतं, मोजपट्टी बदलली होती.

मोजपट्टीतली खोट जाणकारांना तेव्हाच दिसत होती. निसर्गात एक्स-एक्स आणि एक्स-वाय एवढे दोनच कप्पे नाहीत. काही मुलींची गुणसूत्रं एक्स-वाय असतात, पण त्यांच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे पुरुषांत जास्त असणाऱ्या संप्रेरकाला, दादच देत नाहीत. त्यामुळे त्या मुलींसारख्याच वाढतात आणि त्यांना स्वतःलाही याचा पत्ता नसतो. फिनलंडचे जनुकशास्त्रज्ञ आल्बर्ट द ला शापेल हे वर्षानुवर्षं लिहून कळवत होते, की ही चाचणी ज्यांना काहीच फायदा मिळत नाही अशा मुलींना बाहेर काढते. त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं ते एक खेळाडू पुढे आली तेव्हा.

मारिया होजे मार्टिनेझ-पातिन्यो ही स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू. १९८५ला जपानमधल्या कोबे इथे जागतिक विद्यापीठ स्पर्धेला जाताना ती आपलं प्रमाणपत्र घरी विसरली. पुन्हा काडी फिरवली गेली, आणि या वेळी निकाल विरुद्ध आला. तिला सांगण्यात आलं, की पाय दुखावल्याचं कारण दे आणि गप्प घरी जा. अनेक जणी अशाच ‘दुखापती’ सांगून खेळातून नाहीशा झाल्या असणार, त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. पातिन्योने १९८६च्या जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला आणि साठ मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली. लगेच तिचा अहवाल वर्तमानपत्रांत फुटला. शिष्यवृत्ती गेली, खेळाडूंच्या वसतिगृहातली जागा गेली, विक्रम गेले, ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो माणूसही गेला. द ला शापेल यांच्या मदतीने तिने सिद्ध केलं, की तिचं शरीर टेस्टोस्टेरॉन वापरूच शकत नाही. १९८८मध्ये तिला खेळायची परवानगी परत मिळाली, पण उमेदीची वर्षं निघून गेली होती. १९९२च्या ऑलिंपिकची पात्रता सेकंदाच्या शंभराव्या भागांनी हुकली.

तिच्या लढ्यानंतर अ‍ॅथलेटिक्स संघटनेने सरसकट चाचणी थांबवली. ऑलिंपिक समितीने मात्र ‘एसआरवाय’ शोधणारी नवी चाचणी आणली. १९९६ला अटलांटामध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची तपासणी झाली. आठ जणींमध्ये ते जनुक सापडलं, आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं गेलं. तीन हजारांवर स्त्रियांना रांगेत उभं करून एकही तोतया सापडला नाही. १९९९मध्ये, सिडनीच्या आधी, ही पद्धत बंद झाली.

एक फट मात्र राहिली. ‘संशय आला तर’ एखादीची तपासणी करता येईल, अशी तरतूद शिल्लक होती. माझ्या मते पुढच्या सगळ्या अन्यायाची मुळी याच दोन-तीन शब्दांत आहे. काडी सगळ्यांच्या गालात फिरते तेव्हा निदान सगळ्या सारख्या असतात. संशय मात्र कोणावर घ्यायचा हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतं. बाईने कसं दिसावं याची त्या डोळ्यातली कल्पना गोरी, नाजूक आणि सुखवस्तू घरातली होती. नंतरच्या काळात जी नावं जगासमोर आली, ती जवळपास सगळी आफ्रिका आणि आशियातल्या गरीब घरांमधल्या मुलींची होती.

शांती सौंदरराजन त्यातली एक. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातलं दलित कुटुंब, आईवडील वीटभट्टीवर मजूर. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने आठशे मीटरचं रौप्यपदक जिंकलं. त्यानंतर तिची तपासणी झाली आणि पदक काढून घेण्यात आलं. ही गोष्ट तिला कळली ती टीव्हीवरच्या बातमीतून. तिच्या बाजूने न्यायालयात जायला कोणी पुढे झालं नाही. राज्य सरकारने दिलेल्या बक्षिसाच्या पैशातून तिने गावाकडच्या मुलांना धावायला शिकवलं. पैसे संपल्यावर २०१२मध्ये ती स्वतः वीटभट्टीवर रोजंदारी करत होती.

२००९ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या अठरा वर्षांच्या कॅस्टर सेमेन्याने आठशे मीटर १ मिनिट ५५.४५ सेकंदांत जिंकली. अंतिम शर्यतीच्या आधीच तिच्या लिंगचाचणीची बातमी बाहेर पडली होती. पण इथे तिचा देश तिच्या मागे उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेला माणसांची शरीरं तपासून वर्ग पाडणारा वंशभेदाच्या काळातला कायदा चांगलाच आठवत होता. सेमेन्याचं पदक कायम राहिलं. शांतीचं गेलं. दोघींच्या शरीरापेक्षा त्यांच्या पाठीशी कोण होतं यानेच हा फरक पडला, असं मला ठामपणे वाटतं.

सेमेन्यानंतर २०११मध्ये नवा नियम आला. आता गुणसूत्रांऐवजी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजायचं. मर्यादा लिटरला १० नॅनोमोल (अतिसूक्ष्म प्रमाण मोजायचं एकक). त्यावर असेल तर औषध किंवा शस्त्रक्रिया करून खाली आणा, नाहीतर खेळू नका. २०१३मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विकसनशील देशांच्या ग्रामीण भागांतून आलेल्या १८ ते २१ वर्षांच्या चार खेळाडूंवर केलेल्या शस्त्रक्रियांचं वर्णन त्यात होतं. शरीरातल्या ग्रंथी काढल्याच, शिवाय जननेंद्रियाचा काही भागही कापला. त्याचा धावण्याच्या वेगाशी कसलाही संबंध नव्हता. युगांडाच्या अ‍ॅनेट नेगेसाने २०१९मध्ये आपल्यावरच्या अशा शस्त्रक्रियेबद्दल उघडपणे सांगितलं. ती पुन्हा पूर्वीसारखी धावू शकली नाही.

२०१३च्या जुलैमध्ये पुण्यात, बालेवाडीला, आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली होती. दोनशे मीटरचं कांस्यपदक सतरा वर्षांच्या एका मुलीने मिळवलं होतं. द्युती चंद, ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या चाका गोपालपूरची, विणकराची मुलगी. वर्षभराने, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, तिला संघातून वगळण्यात आलं. आधी बऱ्याच तपासण्या झाल्या होत्या, आणि त्या कशासाठी हे तिला नीट सांगितलंही नव्हतं. टेस्टोस्टेरॉन जास्त भरलं होतं. शांतीच्या वेळी नसलेली एक गोष्ट आता होती. पयोष्णी मित्र या अभ्यासक तिच्या सोबत उभ्या राहिल्या, कॅनडातल्या वकिलांनी फी न घेता खटला चालवला. द्युतीने औषध घ्यायला नकार दिला आणि स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली.

२४ जुलै २०१५ला निकाल लागला. जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो, याचा पुरावा संघटनेने दिलेला नाही, म्हणून नियम दोन वर्षं स्थगित. हा निकाल द्युतीपुरता नव्हता, जगातल्या प्रत्येक धावपटूला तो लागू झाला. सेमेन्या २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये औषधाशिवाय धावली आणि जिंकली, ती चाका गोपालपूरच्या मुलीने दार उघडून ठेवल्यामुळे. द्युती स्वतः तिथे शंभर मीटर धावली. १९८०च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये या शर्यतीत धावणारी ती पहिली भारतीय स्त्री.

संघटनेने पुरावा म्हणून २०१७मध्ये एक अभ्यास पुढे केला. त्यात पाच प्रकारांत टेस्टोस्टेरॉनचा संबंध दिसतो असं म्हटलं होतं. त्यात हातोडाफेक आणि पोल व्हॉल्ट होते. २०१८चा नवा नियम आला तेव्हा हे दोन्ही प्रकार वगळले होते, आणि अभ्यासात संबंध न दिसलेल्या पंधराशे मीटर आणि एक मैल या शर्यती आत घेतल्या होत्या. चारशे मीटर ते एक मैल, म्हणजे नेमका सेमेन्याचा पट्टा. २०२१मध्ये, ज्या नियतकालिकात तो अभ्यास आला होता त्यातच, अभ्यासकांनी दुरुस्ती छापली, की या निष्कर्षातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. नियम मागे घेतला गेला नाही. २०२३मध्ये तो सगळ्याच शर्यतींना लावला गेला आणि मर्यादा २.५ नॅनोमोलवर आणली गेली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुरुष आणि स्त्रियांचे गट वेगळे आहेत ते वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉनमुळे पडणाऱ्या फरकामुळेच, आणि महिला गट राखला नाही तर बहुसंख्य मुलींना अंतिम फेरीही दिसणार नाही, असं संघटना म्हणते. अनेक महिला खेळाडूंनाही ते मनापासून पटतं. ही काळजी खोटी नाही. २०१९मध्ये सेमेन्याच्या खटल्यात लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी म्हटलं, की हा नियम भेदभाव करणारा आहे, पण आवश्यक आहे. मला हा निकाल पटत नाही. उंची, फुप्फुसांची ताकद, पायाची ठेवण यांतला जन्मजात फायदा आपण देणगी म्हणून गौरवतो. एकाच प्रकारच्या जन्मजात फरकासाठी निरोगी मुलीला औषध घ्यायला लावायचं असेल, तर पुरावा निर्विवाद हवा, आणि तो तसा नव्हता. सेमेन्या पुढे युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेली. १० जुलै २०२५ला त्याच्या मोठ्या पीठाने ठरवलं, की लवादाच्या निकालाविरुद्ध ती ज्या स्वित्झर्लंडच्या न्यायालयात गेली होती, तिथे तिची सुनावणी न्याय्य झाली नाही. तीनच आठवड्यांनी नव्या जनुकीय चाचणीची घोषणा झाली. ‘एसआरवाय’ १९९०मध्ये शोधणाऱ्या गटातले अँड्र्यू सिंक्लेअर यांनी लगेच लिहिलं, की या जनुकावरून कोणाचं लिंग ठरवणं चूक आहे.

द्युतीने २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटरची रौप्यपदकं मिळवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. २०१९च्या मे महिन्यात द्युतीने सांगितलं, की आपलं गावातल्याच एका मुलीवर प्रेम आहे. असं जाहीरपणे म्हणणारी ती पहिली भारतीय धावपटू. घरून विरोध झाला, गावात बोललं गेलं. दोन महिन्यांत ती नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण घेऊन आली. २०२३मध्ये उत्तेजक सेवनाबद्दल तिच्यावर चार वर्षांची बंदी आली, आणि तिच्यावर माया करणाऱ्यांना ते फार लागलं. ती बंदी तिच्या कारकिर्दीचा भाग आहे, २०१५चा निकालही आहे.

शांती सौंदरराजन प्रशिक्षणाची पदविका घेऊन तमिळनाडूत सरकारी प्रशिक्षक झाली. तिच्या पदकाच्या वेळी कुठलीही मर्यादा नॅनोमोलमध्ये ठरलेली नव्हती, दाद मागायची वाट कोणी दाखवली नव्हती. त्यानंतर नियम चारदा बदलले. दोहाचं रौप्यपदक तिला परत मिळालेलं नाही.