‘आमच्या घरात कुणालाच नाही’

हडपसरला एका बचत गटाच्या बैठकीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल बोलायला गेले होते. आधी एवढंच विचारलं, की हा आजार कशामुळे होतो असं तुम्हाला वाटतं? पहिली म्हणाली, “ताई, ते घराण्यात असावं लागतं. आमच्या घरात कुणालाच नाही.” दुसरीने उष्णतेचं नाव घेतलं, तिसरीने तांबीचं. मग भिंतीला टेकून बसलेली एक हळूच म्हणाली, “ज्या बाया तशा असतात ना, त्यांना होतो.” त्यानंतर कुणीच बोलेना.

आजाराचं नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. पण तो आपल्याला होऊ शकतो, असं त्या खोलीत कुणालाच वाटत नव्हतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

पिशवीच्या तोंडाचा हा कर्करोग जवळजवळ नेहमी एका विषाणूमुळे होतो. त्याला एचपीव्ही म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983-84 मध्ये या कर्करोगाच्या गाठींत त्याचे 16 आणि 18 क्रमांकाचे प्रकार शोधले. त्या कामाला 2008 मध्ये नोबेल मिळालं. जगातले सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग याच दोन प्रकारांमुळे होतात.

पेशी किती वाढायची याला शरीरात लगाम असतो. पी-53 आणि आरबी ही प्रथिनं तो धरून ठेवतात. विषाणूची ई-6 आणि ई-7 ही प्रथिनं नेमकी त्यांनाच निकामी करतात, आणि पेशी थांबायचं विसरते. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या संग्रहात हेला नावाच्या पेशी जपलेल्या आहेत. 1951 मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या पाच लेकरांच्या आईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या होत्या. तिला 18 क्रमांकाच्या एचपीव्हीची लागण होती. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. लगाम सुटणं म्हणजे काय, ते यावरून कळावं.

आता ‘तशा बायां’बद्दल. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं. पण तो इतका सर्रास आढळतो, की संसार सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. नवऱ्याला लग्नाआधी झालेला असला तरी पुरे. शिवाय तो वर्षानुवर्षं गपगुमान पडून राहतो. त्यामुळे तपासणीत सापडला, तरी कधी आला आणि कुणाकडून आला, हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावता येत नाही. हे मी त्या दिवशी दोनदा सांगितलं आणि पुढेही सांगत राहणार आहे, कारण बायका तपासणीला येत नाहीत त्यात या एका संशयाचा वाटा फार मोठा आहे.

दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून हा विषाणू साधारण दोन वर्षांत आपोआप निघून जातो. धोका असतो तो मुक्काम ठोकणाऱ्या विषाणूचा. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर हा धोका सुमारे सहापट वाढतो. धूम्रपान, बरीच बाळंतपणं, पाच वर्षांहून अधिक काळ घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांनीही तो वाढतो. गोळ्या थांबवल्यावर हळूहळू उतरतो. कोवळ्या वयात लग्न झालं असेल तर तेही एक कारण, कारण त्या वयात गर्भाशयमुखाच्या पेशी वेगाने बदलत असतात. तांबीने मात्र कर्करोग होत नाही. उलट ती वापरणाऱ्यांत त्याचं प्रमाण कमीच आढळलं आहे. उष्णतेचा तर काहीच संबंध नाही. अंगावरून पांढरं जाणंही बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गामुळे असतं. पण त्याला दुर्गंधी येत असेल, संबंधांनंतर रक्त जात असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला असेल, तर थांबू नये.

लागण होण्यापासून कर्करोग होईपर्यंत सहसा 10 ते 20 वर्षं जातात. एवढ्या अवधीत काहीच दुखत नाही, पण तपासलं तर बदल दिसतो. परिचारिका गर्भाशयमुखाला पातळ अॅसिटिक आम्ल लावते, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबलं की बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, ही तपासणी ठरावीक अंतराने झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात तर आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभरांतल्या जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कुठलीही तपासणी कधी करून घेतल्याचं दिसलं.

एचपीव्हीच्या लसीबद्दल मुलींच्या आयांनी बरंच विचारलं. ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि 2022 मध्ये तिला मान्यता मिळाली. ती 9 ते 14 या वयात, लागण होण्याआधी, सर्वांत चांगली लागू पडते. आधीच शरीरात असलेला विषाणू ती घालवत नाही. एचपीव्हीचे सगळेच प्रकार तिच्यात येत नाहीत, म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.

“माझी पाळी जाऊन सात वर्षं झाली, आता कशाला?” एका मावशींनी विचारलं. या वयात बदलणाऱ्या पेशींचा भाग आत सरकतो, म्हणून आम्लाची तपासणी तितकी भरवशाची राहत नाही. एचपीव्ही चाचणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात तेवढं नाव घेऊन विचारा, म्हटलं.

भिंतीला टेकून बसलेली ती बाई शेवटी माझ्याजवळ आली. तिची पिशवी काढून नऊ वर्षं झाली होती. पिशवीबरोबर तोंडही काढलं, की ते तसंच ठेवलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ठेवलं असेल तर तिलाही तपासणी लागणार होती. डिस्चार्ज कार्ड कपाटात कुठेतरी आहे म्हणाली, आणि ते शोधून ठेव म्हणून सांगायला तिथूनच लेकीला फोन लावला.