अतिशुद्ध पाणी ठेवायचं कशात?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या घरी मुलाला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी लागली. कारखान्यात काय बनतं, असं आजींनी विचारलं. तो म्हणाला, "अतिशुद्ध पाण्याच्या प्लांटचे पार्ट्स." आजी म्हणाल्या, "पाण्याला कसले रे मेले पार्ट?"

सगळे हसले. प्रश्न मात्र नेमका होता. पाणी शुद्ध कसं करायचं हे माणसाला बरंच आधी जमलं. ते पाणी ठेवायचं कशात आणि न्यायचं कशातून, यावर मात्र शंभर-सव्वाशे वर्षं डोकेफोड झाली. सुट्या भागांचा हा सगळा धंदा त्या डोकेफोडीतून उभा राहिला आहे.

घरी आरओवाला येतो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर ग्लासात बुडवतो आणि आकडा दाखवतो. तिथे शून्य दिसलं तरी उद्योगाच्या हिशेबात ती नुसती सुरुवात असते. अतिशुद्ध पाणी मोजतात ते विजेला होणाऱ्या विरोधावर. २५ अंश सेल्सियसला हा विरोध १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर भरला की झालं. त्यापुढे जाताच येत नाही, कारण पाण्याचे स्वतःचेच थोडे रेणू फुटून विद्युतभारित होतात. असं पाणी भुकेलं असतं. काचेतून सोडियम आणि सिलिका ओढतं, धातू खातं, प्लास्टिकमधली रसायनं चाटून घेतं. उघड्या चंबूत ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन थोड्याच वेळात एक-दोन मेगाओहमवर घसरतं.

जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश याने हे फार लवकर ओळखलं होतं. १८९४ मध्ये त्याने आणि हायडवायलरने निर्वातात पुन्हा पुन्हा, तब्बल ४२ वेळा ऊर्ध्वपातन केलेलं, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं, पाणी मोजलं. त्यांना मिळालेला आकडा आजच्या सैद्धांतिक मर्यादेच्या अगदी जवळचा आहे. त्या काळात चांगल्या ऊर्ध्वपातित पाण्यासाठी वाफ थंड करणाऱ्या नळ्या कथलाच्या असत, किंवा तांब्याच्या असल्या तरी आतून कथलाचा थर दिलेल्या. म्हणजे आपली कल्हईच! आपल्या घरात कल्हई करायची ती आंबट आमटी-ताकाला तांब्या-पितळेचा कळंक लागू नये म्हणून. तिकडे चिंता पाण्याचीच होती, एवढाच फरक.

बडोद्याच्या इतिहासात ऊर्ध्वपातनाचा हा धागा एका नावातच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं आणि ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलं. गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या खटपटीतून १९०७ मध्ये बडोद्यात अलेम्बिक ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीचा माल मद्यार्क आणि औषधी अर्क. अलेम्बिक म्हणजे अर्क गाळायचं जुनं भांडं, चोच असलेलं. अरबी अल्-अंबीकवरून आलेला शब्द. गोरव्याकडे जाताना ही पाटी रोज वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपण एका भट्टीचं नाव वाचतोय?

भट्टीतून निघालेलं पाणी शुद्धच, हा समज औषधांच्या बाबतीत १९२३ मध्ये मोडला. सुई टोचल्यावर रोग्यांना का ताप भरतो याचा शोध अमेरिकेत फ्लोरेन्स सायबर्ट घेत होत्या. दोष औषधात नव्हता. तो होता ऊर्ध्वपातित पाण्यात वाढलेल्या जिवाणूंच्या अवशेषांत. पाणी उकळून वाफ केली तरी वाफेबरोबर उडालेले थेंब ते अवशेष घेऊन पलीकडे जात होते. तेव्हापासून थेंब अडवणारी जाळी, भांड्याचा आकार, साठवणीची टाकी या बारीकसारीक गोष्टींना महत्त्व आलं.

पाणी शुद्ध करायची दुसरी वाट रेझिनची, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या पदार्थाची. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांना दिसलं, की माती खतातला अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते. शेतीचा हा शोध पुढे पाण्याच्या कामी आला. १९३५ मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी कृत्रिम रेझिन बनवलं. ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्यांचा चुरा तपासताना त्यांना हा गुण सापडला, अशी गोष्ट सांगतात. १९४० च्या दशकात पॉलिस्टायरिनचे बारीक मणी आले आणि ते आजतागायत टिकले आहेत. आम्ल आणि कॉस्टिक अशा दोन्ही जातींचे मणी एकाच टाकीत मिसळले, तर पाणी एका फेरीत कमालीचं स्वच्छ होतं. त्यालाच मिक्स्ड बेड म्हणतात.

बडोद्याला ही वाट पोटापाण्याची झाली. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग खत कारखाना आणि पेट्रोकेमिकल्स आले. या सगळ्यांच्या बॉयलरना डीएम, म्हणजे रेझिनने क्षार काढलेलं, पाणी लागतं. जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये सिलिका वाफेबरोबर उडते आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी चिकटते, म्हणून तिची मर्यादा अब्जात वीस भाग इतकी कडक ठेवतात. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत कुणी ना कुणी "डीएम प्लांटवर शिफ्ट" करत असे. रिजनरेशनच्या, म्हणजे थकलेलं रेझिन पुन्हा ताजं करण्याच्या, दिवशी आम्ल आणि कॉस्टिकचा वास अंगावर घेऊनच माणूस घरी येई.

पडद्यांची गोष्ट वेगाने घडली. लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या आसपास लॉस एंजेलिसला उलट्या परासरणाचा, म्हणजे आपल्या आरओचा, कामाचा पडदा बनवला. सौरिराजन आपल्या तमिळनाडूचे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावी त्या पडद्यावर पहिला प्लांट चालला. १९८७ पासून ईडीआय (इलेक्ट्रोडीआयोनायझेशन) बाजारात आलं. त्यात रेझिन पडद्यांच्या मध्ये भरतात, वीज सोडतात आणि विजेनेच ते सतत ताजं राहतं. आम्ल-कॉस्टिकच्या टाक्या गेल्या.

इथून पुढे खरं काम पार्ट्सवाल्यांचं. पाणी १८ मेगाओहमला पोचलं तरी ते वापरण्याच्या जागेपर्यंत शंभर-दोनशे मीटर न्यायचं असतं, आणि वाटेतली प्रत्येक वस्तू त्याला काहीतरी देऊ पाहते. औषध कारखान्यांनी ३१६एल जातीचं स्टेनलेस स्टील घेतलं. त्यातला एल म्हणजे कार्बन कमी, त्यामुळे वेल्डिंगच्या जागी गंज धरत नाही. तरीही गरम पाण्याच्या लूपमध्ये, म्हणजे पाणी गोल फिरवणाऱ्या पाइपांच्या वेढ्यात, वर्षांनी तांबूस थर चढतोच, त्याला रूजिंग म्हणतात. चिपच्या कारखान्यांना तर लोहाचा कणही नको. त्यांनी १९८० च्या दशकापासून पीव्हीडीएफ या प्लास्टिकचे पाइप घेतले.

मग साचण्याची भीती. पाणी थांबलं की जिवाणू पाइपच्या भिंतीला चिकटून थर करतात, म्हणून लूप रात्रंदिवस फिरता ठेवतात. मुख्य पाइपातून निघालेल्या फांदीत व्हॉल्व्हपर्यंत जे पाणी अडकतं तो डेड लेग. १९७० च्या दशकात अमेरिकी औषध प्रशासनाच्या मसुद्यात त्याची लांबी पाइपाच्या व्यासाच्या सहापटीपर्यंत चालत होती. आता चांगला डिझाइनर तिप्पटही देत नाही. म्हणजे व्हॉल्व्हचा आकारच बदलावा लागला. गॅस्केट कशाचं, पंपाचं सील कोणतं, दिवा किती नॅनोमीटरचा (२५४ चा जिवाणू मारतो, १८५ चा सेंद्रिय कार्बन फोडतो), यावर स्वतंत्र उद्योग चालतात.

मोजणाऱ्या प्रोबचं भाग्य १९९६ मध्ये उजळलं. तोवर अमेरिकी औषधकोशात क्लोराइड, सल्फेट, कॅल्शियमच्या चाचण्या परीक्षानळीत करत. त्यांच्या जागी सरळ विद्युतवाहकता आली. युरोपने तर इंजेक्शनच्या पाण्यासाठी भट्टीची सक्ती २०१७ पर्यंत सोडली नव्हती. एवढे पडदे, एवढं रेझिन येऊनही अलेम्बिकची चोच तिथे शाबूत होती.

मार्च २०२४ मध्ये धोलेऱ्याला चिप कारखान्याची पायाभरणी झाली. एका सिलिकॉन तबकडीला हजारो लिटर अतिशुद्ध पाणी लागतं, त्यामुळे गुजरातेतल्या पार्ट्सवाल्यांचे कान टवकारले असणार.

या कारखानदारीत एक गंमत आहे. फिल्टरचं हाउसिंग (बाहेरचं कवच) असो की व्हॉल्व्ह, बनल्यावर तो धुवावा लागतो, आणि साध्या पाण्याने धुतला तर साध्या पाण्याचे डाग घेऊनच गिऱ्हाइकाकडे जाणार. म्हणून पार्ट बनवणाऱ्याकडे आधी स्वतःचं अतिशुद्ध पाणी लागतं. आजींच्या नातवाला पहिले तीन महिने तेच काम होतं. नवा पार्ट लूपला जोडायचा, पाणी सोडायचं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा पुन्हा अठरावर यायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं.