गरोदरपणातील लघवीची प्रथिन तपासणी

गरोदर बाई उपकेंद्रात किंवा दवाखान्यात तपासणीला आली की वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांसोबत तिच्या लघवीत प्रथिन उतरते आहे का तेही पाहिले जाते. मूत्रपिंडातून गळणाऱ्या प्रथिनांत अल्ब्युमिन मुख्य असल्याने बोलण्यात याला ‘लघवीतले अल्ब्युमिन बघणे’ म्हणतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या तपासणीतही ही चाचणी असते. शोध असतो तो प्रीएक्लॅम्प्सियाचा: २० आठवड्यांनंतर रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते आणि दुर्लक्ष झाल्यास झटके येतात. अशा झटके आलेल्या स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन असते, हे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्ये नोंदवले.

निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाते. गरोदरपणी मूत्रपिंडातून जास्त रक्त वाहते, म्हणून ३०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. प्रीएक्लॅम्प्सियात वारेतून रक्तात उतरणारी द्रव्ये मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात. पेशी सुजतात, गाळणी सैल होते.

चुका बहुतेक नमुना घेतानाच होतात. अंगावरून पांढरे जात असेल किंवा रक्ताचा अंश मिसळला तर लघवीत बुडवून रंग पाहायची चाचणीची पट्टी खोटेच ‘आहे’ म्हणते. म्हणून जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवायची, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या भांड्यात धरायची. घरून आणलेली औषधाची बाटली नको, कारण तिच्यात साबणाचा किंवा जंतुनाशकाचा अंश राहिलेला असतो. नमुना तासाभरात तपासावा. उन्हाळ्यात टेबलावर पडून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, ती अल्कधर्मी होते आणि पट्टी फसते.

पट्टीच्या टोकाला पिवळा चौकोन असतो. त्यात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू हा रंग आणि आम्लता कायम ठेवणारे क्षार असतात. अल्ब्युमिन भेटले की पिवळा हिरवट होतो, प्रमाण वाढेल तसा निळसर. पट्टी क्षणभर बुडवून लगेच काढायची, कड भांड्याच्या काठावर ओढून जादा थेंब निथळू द्यायचा, पट्टी आडवी धरायची आणि ६० सेकंदांनी डबीवरच्या रंगांशी उजेडात ताडून पाहायची. फार वेळ बुडवली तर क्षार धुऊन जातात आणि नसलेले प्रथिन दिसते. डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या नासतात. पावसाळ्यात हा प्रकार फार. साधारणपणे दर डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम म्हणजे +, १०० म्हणजे ++, ३०० म्हणजे +++. त्याखालचा ‘ट्रेस’.

पट्टी नसेल तेव्हा उकळण्याची चाचणी. परीक्षानळी तीन चतुर्थांश लघवीने भरून खालून चिमट्यात धरायची आणि फक्त वरचा भाग ज्योतीवर तापवायचा. खालची नितळ लघवी तुलनेला राहते. वर गढूळपणा आला तरी लगेच निष्कर्ष काढू नये, कारण फॉस्फेटनेही लघवी गढूळ होते. सौम्य अॅसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. निवळले तर फॉस्फेट, गढूळपणा टिकला किंवा वाढला तर प्रथिन. आम्ल जास्त पडले की प्रथिनही विरघळू शकते, म्हणून थेंब मोजूनच.

आकडा एकटा वाचू नये. पाणी कमी प्यालेल्या बाईची गडद लघवी + दाखवते; भरपूर पाणी पिऊन आलेलीच्या पातळ लघवीत खरे प्रथिनही लपते. रक्तदाब ठीक आणि + आले तर स्वच्छ नमुन्यावर पुन्हा पाहावे, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करावे. २० आठवड्यांआधीच प्रथिन सापडले तर मूत्रपिंडाचा जुना आजार डोक्यात ठेवावा. रक्तदाब १४०/९० किंवा वर असून प्रथिन उतरत असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

तिथे एकाच नमुन्यातील प्रथिन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून निघून लघवीवाटे जाणारे टाकाऊ द्रव्य) यांचे गुणोत्तर काढतात, ०.३ किंवा जास्त म्हणजे प्रथिन लक्षणीय. २४ तासांची लघवी जमवणे ही जुनी पद्धत: सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची प्रत्येक वेळची जमवायची, दुसऱ्या दिवशीची पहिलीही त्यात धरायची. शौचाला बसताना होणारी लघवी हमखास निसटते आणि आकडा कमी येतो.

पायावरची सूज पूर्वी निदानाच्या निकषांत होती. निम्म्याअधिक निरोगी गरोदर बायांनाही ती येते, म्हणून वगळली. उलट २०१३ पासून अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने प्रथिन असलेच पाहिजे ही अट काढली. रक्तदाब चढलेला, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखते आणि पट्टी मात्र कोरी, अशी बाईही धोक्यात असू शकते. निदान पक्के झाल्यावर प्रथिन किती वाढले हे रोज मोजण्यात फारसा अर्थ नाही. बाळंतपण कधी करायचे ते रक्तदाब, प्लेटलेट, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि बाळाची स्थिती यांवर ठरते.

बाळंतपणानंतर प्रथिन हळूहळू कमी होते. १२ आठवड्यांनंतरही उतरत राहिले तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे पाठवतात.