टिळक पंचांगामागचे मास्तर

रत्नागिरीकडच्या काही घरांत एखाद्या वर्षी गणपती शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर आगेमागे येतो. त्या घरांत टिळक पंचांग पाळतात. नाव टिळकांचं असलं, तरी मुळातलं गणित त्यांच्या कॉलेजातल्या मास्तरांचं, केरो लक्ष्मण छत्रे यांचं.

केरूनानांचा जन्म 1825 चा, अलिबागजवळच्या नागावातला. आईवडील लवकर गेले आणि पोर मुंबईला आलं. एल्फिन्स्टनमध्ये प्रा. ऑर्लिबार यांनी त्याची गणितातली चमक हेरली, आणि 1840 मध्ये, पंधराव्या वर्षी, कुलाबा वेधशाळेत 50 रुपयांवर नोकरी लागली. काम कंटाळवाणं म्हणावं असंच. ठरल्या वेळी उपकरणापुढे उभं राहायचं, हवेचा दाब किती, पारा कुठवर चढला, चुंबकसूची किती सरकली ते वाचायचं आणि वहीत उतरवायचं. मुंबई विद्यापीठच निघालं 1857 मध्ये. तेव्हा पदवी वगैरे कुठली? या दहा-अकरा वर्षांच्या वह्या हेच त्यांचं शिक्षण. (पुढे विजेच्या ट्रामचा चुंबकीय नोंदींना अडथळा होणार म्हणून ते काम 1904 मध्ये कुलाब्याहून अलिबागला हलवलं, म्हणजे नानांच्या गावाशेजारीच! ते पाहायला नाना नव्हते.)

1851 मध्ये ते पुण्याला गेले आणि शिकवू लागले. पूना कॉलेज, म्हणजेच पुढचं डेक्कन कॉलेज, इथे गणित आणि पदार्थविज्ञान. मराठीतून शिकणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तकंही लिहिली.

पण त्यांना खरं छळत होतं ते पंचांग. तेव्हाची पंचांगं 1520 च्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. तो ग्रंथ गणेश दैवज्ञांचा, तेही याच किनाऱ्यावरच्या नांदगावचे. साडेतीनशे वर्षांत आकाश आणि कागद यांत फरक पडला होता. नानांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहगणिताची मराठी कोष्टकं केली, ती 1860 मध्ये छापली गेली, आणि आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर 1865 पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं.

खरा वाद मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झाला: राशीचक्र मोजायचं कुठून? नानांनी रेवतीतला झीटा पिशियम हा तारा धरला. चित्रा तारा धरणाऱ्यांपेक्षा हा आरंभ सुमारे चार अंशांनी वेगळा. सूर्याला तेवढं अंतर काटायला चार दिवस लागतात, म्हणून दोघांच्या संक्रांती, म्हणजे सूर्य नव्या राशीत शिरण्याचे दिवस, चार दिवसांनी चुकतात. दोन अमावास्यांच्या मध्ये संक्रांत आली नाही, तर तो महिना अधिक. नेमकी त्या चार दिवसांत अमावास्या आली की एकाचा अधिक महिना दुसऱ्याचा राहत नाही.

लोकांनी ते पंचांग फारसं हाती धरलं नाही. 1884 मध्ये नाना गेले. 1870 च्या दशकात त्यांच्यापुढे बाकावर बसलेल्या टिळकांनी रेवतीची बाजू पुढे लावून धरली, आणि पंचांगाला नाव पडलं ते शिष्याचं.